मेंदूभोवती पुन्हा साचलेले रक्त: स्टेरॉइड द्यावे की दुसरे ऑपरेशन करावे?

येरळाकाठ (धागाकर्ता)

माझे वडील, ज्यांना घरी सगळे अण्णा म्हणतात, ७४ वर्षांचे आहेत आणि तासगाव तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेत गेल्या ऑक्टोबरपर्यंत रोज सकाळी एक फेरी मारत होते. छाटणी सुरू असताना मांडवाखालून वाकून जाताना त्यांचे डोके लोखंडी अँगलला लागले. रक्त आले नाही, टेंगूळही फारसे आले नाही, त्यांनी हळद लावली आणि आम्ही सगळेच तो प्रसंग विसरून गेलो. पाच आठवड्यांनी त्यांच्या उजव्या पायातली चप्पल चालताना गळून पडू लागली आणि ती गळून पडली आहे हे त्यांना कळतही नसे. जवळच्या एका दवाखान्यात चक्करेच्या गोळ्या मिळाल्या आणि हे वयोमानाने होते असे सांगण्यात आले, त्यात आमचे दहा दिवस गेले. नंतर मिरजेला सीटी केल्यावर मेंदूच्या डाव्या बाजूला जुन्या रक्ताचा जाड थर दिसला. कवटीला दोन भोके पाडून ते रक्त काढले, दोन दिवस नळी ठेवली आणि सहाव्या दिवशी अण्णा चालत घरी आले.

आता ऑपरेशनला सहा आठवडे झाले आहेत. गेल्या आठवड्यापासून त्यांचे डोके पुन्हा दुखते, बोलताना एखादा साधा शब्द सापडत नाही. नव्या सीटीत त्याच जागी पुन्हा रक्त आहे, पहिल्यापेक्षा कमी पण मेंदूवर दाब देणारे. सर्जन म्हणतात की पुन्हा काढावे. आई मात्र कवटीला दुसऱ्यांदा भोक पाडायच्या कल्पनेनेच खचली आहे आणि पुण्याच्या एका नातेवाइकांनी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी हे रक्त विरघळते असे कळवल्यापासून घरात दुसरा विषय नाही. अण्णांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, २०१६ मध्ये हृदयात स्टेंट बसवला आहे आणि त्यासाठी ते रक्त पातळ ठेवणारी इकोस्प्रिन व कोलेस्टेरॉल कमी करणारी अटोरवास्टॅटिन घेतात. आमच्याकडे निर्णयासाठी दोन दिवस आहेत. ज्यांनी हे पाहिले आहे किंवा ज्यांना यातले कळते त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

माणदेशी

दादा, माझ्या आईला तीन वर्षांपूर्वी हेच झाले होते आणि तिला ऑपरेशननंतर रक्त परत साचू नये म्हणून डेक्सामेथासोन दिले होते. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली, तिने स्वतःहून भाकरी मागितली आणि आम्हाला वाटले की औषध लागू पडले. पाचव्या दिवशी तिची शुगर ४३० झाली. त्यानंतर ती रात्र रात्र जागी राहू लागली, घरात अनोळखी माणसे आली आहेत असे म्हणू लागली, आणि आठव्या रात्री कोणाला न सांगता उठली व न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडली. मग छातीत जंतुसंसर्ग झाला आणि पुन्हा बारा दिवस रुग्णालयात काढावे लागले. डोक्यातले रक्त परत आले नाही हे खरे आहे. पण ऑपरेशननंतर काठीशिवाय चालणारी आई त्या महिन्यानंतर वॉकरशिवाय चाललेली नाही. हे औषधामुळेच झाले असे मी ठामपणे म्हणू शकत नाही, पण तुम्ही अनुभव विचारला म्हणून जे घडले ते लिहिले.

मिरजेची सिस्टर

मी मेंदू-शस्त्रक्रियेच्या वॉर्डात अनेक वर्षे काम करून निवृत्त झाले आहे. सर्वांत आधी एक समजूत दूर करते, कारण तिच्यावरच तुमच्या घरातली सगळी चर्चा उभी आहे: डेक्सामेथासोन रक्त विरघळवत नाही. ते काय करते हे समजण्यासाठी आधी हे रक्त पुन्हा पुन्हा का साचते ते पाहावे लागेल.

वय वाढते तसा मेंदू थोडा आक्रसतो आणि त्याच्या पृष्ठभागावरून बाहेरच्या जाड आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. त्यामुळे साध्या धक्क्यानेही एखादी शीर झिरपते किंवा आवरणाचा आतला पदर सुटतो. तिथे सांडलेल्या थोड्या रक्ताभोवती शरीर सूज आणून एक पातळ पापुद्रा तयार करते, जखमेवर खपली धरावी तसा. या पापुद्र्यात नव्या केशवाहिन्या उगवतात, पण त्या इतक्या कच्च्या असतात की त्यांतून रक्त आणि पाणी सतत पाझरत राहते. शिवाय आतल्या पोकळीत गोठलेले रक्त पुन्हा पातळ करणारी द्रव्ये भरपूर असल्याने पाझर आपोआप बंद होत नाही. पाझरामुळे सूज वाढते, सुजेमुळे आणखी कच्च्या वाहिन्या उगवतात आणि त्यांतून आणखी पाझर होतो. म्हणूनच ऑपरेशनमध्ये जे निघते ते लालभडक रक्त नसते, जळलेल्या इंजिन ऑइलसारखे काळपट पाणी असते, आणि म्हणूनच ते सगळे काढले तरी पापुद्रा मागे राहिल्याने दर शंभरात साधारण दहा ते वीस जणांमध्ये ते परत येते. अण्णांचे ऑपरेशन बिघडले म्हणून हे झाले असे समजू नका.

या आजाराच्या मुळाशी दाह आहे हे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्चो यांनी १८५७ मध्येच मांडले होते. दाह शमवण्यात स्टेरॉइडइतके प्रभावी औषध दुसरे नाही, म्हणून १९७० च्या दशकापासून डॉक्टर ते या रुग्णांना देऊन पाहत आले. त्यांचा विचार चुकीचा नव्हता. स्टेरॉइडने पापुद्र्यातला दाह कमी होतो, नव्या वाहिन्या उगवणे मंदावते आणि पाझर कमी होतो, इथपर्यंत सगळे बरोबर आहे. परंतु औषध फक्त त्या पापुद्र्यापर्यंत जात नाही, ते सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या सगळ्या शरीरात जाते. पूर्वी आमच्या वॉर्डात हे औषध सर्रास दिले जाई आणि मीही ते हजारो वेळा टोचले आहे. माणदेशी ताईंनी लिहिलेली पाचवी आणि आठवी रात्र मी किती खाटांवर पाहिली ते मला मोजता येणार नाही, पण तेव्हा त्या रात्री आणि ते औषध यांचा हिशोब कोणी एकत्र मांडत नव्हते.

कऱ्हाडचा वाचक

सिस्टर ज्या हिशोबाबद्दल म्हणतात तो आता मांडला गेला आहे. मी डॉक्टर नाही, महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो, आणि सासऱ्यांच्या आजारपणात हे अभ्यास मुळातून वाचले होते.

ब्रिटनमध्ये ७४८ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांचे सरासरी वय ७४ होते, म्हणजे अण्णांएवढेच. निम्म्यांना डेक्सामेथासोन दिले, सुरुवातीला ८ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि मग कमी करत करत दोन आठवड्यांत बंद. उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. कोणाला काय मिळते हे रुग्णाला किंवा डॉक्टरांना माहीत नव्हते. बहुतेकांचे ऑपरेशनही झाले. रक्त परत साचून पुन्हा ऑपरेशन करावे लागण्याचे प्रमाण डेक्सामेथासोनच्या गटात १.७ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ७.१ टक्के. एवढाच आकडा वाचला तर तुमच्या नातेवाइकांचे म्हणणे बरोबर वाटेल. मात्र सहा महिन्यांनी कोण कोणत्या स्थितीत आहे, म्हणजे निदान दुसऱ्याच्या आधाराशिवाय चालू शकते का, हे पाहिले तेव्हा चांगल्या स्थितीतले रुग्ण डेक्सामेथासोनच्या गटात ८३.९ टक्के होते आणि औषध न मिळालेल्या गटात ९०.३ टक्के.

त्यानंतर नेदरलँड्समध्ये दुसरी चाचणी झाली, जी तुमच्या प्रश्नाच्या अधिक जवळची आहे, कारण तिच्यात ऑपरेशनऐवजी केवळ डेक्सामेथासोन देऊन पाहिले होते. ४२० रुग्ण घेण्याचे ठरले होते, परंतु डेक्सामेथासोनच्या गटाची स्थिती वाईट दिसल्याने २५२ रुग्णांवरच ती थांबवावी लागली. गोळ्यांवर ठेवलेल्यांपैकी ५५ टक्के लोकांचे शेवटी ऑपरेशन करावेच लागले, तर सुरुवातीलाच ऑपरेशन झालेल्यांपैकी ६ टक्के लोकांना ते पुन्हा करावे लागले. गुंतागुंत अनुक्रमे ५९ आणि ३२ टक्के जणांमध्ये झाली. हे २०२३ मध्ये त्याच नियतकालिकात छापून आले आहे.

येरळाकाठ

सर, आपले आकडे मी दोनदा वाचले आणि एक गोष्ट मला उमगत नाही. रक्त परत येणे कमी झाले, दुसरे ऑपरेशनही टळले, मग माणसे वाईट स्थितीत का गेली? आई हेच विचारते की मूळ दुखणे बरे झाल्यावर आणखी काय हवे.

कऱ्हाडचा वाचक

शंभर माणसे डोळ्यांसमोर आणा. डेक्सामेथासोन दिल्याने त्यांतल्या साधारण पाच जणांचे दुसरे ऑपरेशन टळले. त्याच शंभरांत साधारण सहा जण असे होते जे औषध दिले नसते तर सहा महिन्यांनी चांगल्या स्थितीत असते आणि दिल्यामुळे नव्हते. दुसरे ऑपरेशन ही भीतिदायक गोष्ट असली तरी त्यातून बहुतेक माणसे सावरतात. उलट वृद्ध माणसाची वाढलेली शुगर, छातीतला संसर्ग, रात्रीचा भ्रम आणि त्यातले पडणे यांतून तो पूर्वीसारखा उभा राहीलच असे नाही. नोंदवण्याजोग्या दुष्परिणामांचे प्रमाण ब्रिटनच्या चाचणीत डेक्सामेथासोनच्या गटात १६ टक्के आणि दुसऱ्या गटात ६.४ टक्के होते. त्यामुळे आईंना सांगताना रक्त परत येईल का, हा प्रश्न बाजूला ठेवा आणि पुढच्या चैत्रात अण्णा बागेत चालत जातील का, हा प्रश्न घ्या. सर्जनशी बोलतानाही तोच घ्या.

डोक्याच्या मारावर स्टेरॉइड देण्याबाबत असे एकदा आधीही घडले आहे. ताज्या मारात मेंदूची सूज उतरावी म्हणून जगभर स्टेरॉइड दिले जाई. २००४ मध्ये दहा हजारांहून अधिक रुग्णांवरच्या चाचणीने दाखवले की दोन आठवड्यांतले मृत्यू स्टेरॉइड दिलेल्यांत २१.१ टक्के आणि न दिलेल्यांत १७.९ टक्के होते, तेव्हा ती पद्धत थांबली. तो आजार वेगळा आणि औषधही त्याच कुळातले दुसरे होते, परंतु विचार चांगला असूनही रुग्णाचे नुकसान होऊ शकते हे तिथेही मोजल्यावरच कळले.

कोरेगावहून

मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे, कारण वरचे वाचून कोणी हे औषध म्हणजे विषच असे समजू नये. माझे चुलते ८६ वर्षांचे होते, हृदयाचे पंपिंग अगदी कमी होते, भूल देणे धोक्याचे आहे असे भूलतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले होते आणि त्यांना त्रास म्हणजे फक्त डोकेदुखी होती. त्यांना रुग्णालयात ठेवून थोड्या मात्रेत डेक्सामेथासोन दिले, दिवसातून चार वेळा शुगर तपासली, पोटासाठी गोळी दिली आणि सावकाश कमी करत बंद केले. दोन महिन्यांनी रक्ताचा थर अर्ध्यावर आला होता. दुसरा मार्गच नव्हता म्हणून हा घेतला, तज्ज्ञांनी घेतला आणि रोज पाहणी करून घेतला. औषधाच्या दुकानातून आणून घरी सुरू केले असते तर काय झाले असते याचा विचारही करवत नाही.

मिरजेची सिस्टर

कोरेगावच्या दादांनी लिहिले ते योग्य आहे आणि त्यातला शेवटचा मुद्दा मी अधिक जोराने सांगते. ही गोळी अत्यंत स्वस्त आहे आणि आपल्याकडे चिठ्ठीशिवायही हाती पडते. मधुमेह असलेल्यांमध्ये स्टेरॉइड आणि अनियंत्रित शुगर एकत्र आल्यावर काय होते ते २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत आपल्या राज्याने पाहिले आहे. सुरू केलेली गोळी मध्येच एकदम बंद करणे हेही तितकेच घातक ठरू शकते.

येरळाकाठ दादा, आता तुम्हाला एक प्रश्न. अण्णा गुडघेदुखीसाठी आठवडा बाजारातून किंवा कोणा वैद्याकडून आणलेल्या पुड्या घेतात का? लाजू नका आणि त्यांच्यावर रागावूही नका, फक्त विचारा.

येरळाकाठ

सिस्टर, मी नाही म्हणणार होतो, पण आईला विचारले तेव्हा ती गप्प झाली. दोन वर्षांपासून दर महिन्याला पुड्या येतात, एक सकाळी आणि एक रात्री, आणि त्या घेतल्यापासून गुडघे दुखत नाहीत म्हणून अण्णा त्यांना सोडायला तयार नाहीत. मधले रुग्णालयातले दिवस सोडले तर ते रोज घेत आले आहेत. मला हे माहीत नव्हते याचे फार वाईट वाटते.

मिरजेची सिस्टर

वाईट वाटून घेऊ नका, हे फार घरांत असते. अशा पुड्यांमध्ये अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले सापडते, कारण त्याने दोन दिवसांत आराम पडतो. तसे असेल तर बाहेरून आयते स्टेरॉइड मिळत राहिल्याने अण्णांच्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी दोन वर्षे निजलेल्या असतील. निरोगी शरीर ऑपरेशनच्या ताणात स्वतःचे कॉर्टिसॉल, म्हणजे या ग्रंथींत बनणारे नैसर्गिक स्टेरॉइड, वाढवते, निजलेल्या ग्रंथींना ते जमत नाही आणि रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. म्हणून आज रात्रीच सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांना हे सांगा, पुडी सोबत न्या आणि त्यांनी सांगेपर्यंत ती स्वतःहून बंद करू नका. ते बहुधा सकाळचे कॉर्टिसॉल तपासतील आणि गरज वाटली तर ऑपरेशनच्या वेळी कॉर्टिसॉलची उणीव भरणारे हायड्रोकॉर्टिसोन देतील. तेव्हा मात्र स्टेरॉइड नको असा हट्ट धरू नका. शरीराला जे स्वतः बनवता येत नाही ते तेवढेच भरून काढणे वेगळे आणि रक्त साचू नये म्हणून दोन आठवडे मोठ्या मात्रेत डेक्सामेथासोन देणे वेगळे.

इकोस्प्रिनबाबतही असेच आहे. तिने रक्तस्राव वाढू शकतो आणि ती बंद केल्याने स्टेंटला धोका होऊ शकतो. कधी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची हे हृदयरोगतज्ज्ञ आणि न्यूरोसर्जन यांनी एकमेकांशी बोलून ठरवायचे असते. तुम्ही मध्ये निरोप्या होऊ नका, दोघांचे फोनवर बोलणे घडवून आणा.

वाईचा पुणेकर

एक तिसरा मार्गही विचारून ठेवावा. सिस्टरांनी ज्या पापुद्र्याचे वर्णन केले त्याला रक्त पुरवणारी धमनी, मिडल मेनिन्जियल आर्टरी, मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून आतून बंद करता येते. २०२४ मध्ये अमेरिकेतील ४०० रुग्णांच्या चाचणीत ऑपरेशनसोबत हे केल्यावर ९० दिवसांत पुन्हा ऑपरेशन लागण्याचे प्रमाण ४.१ टक्के होते, न केलेल्यांत ११.३ टक्के. यात शरीरभर जाणारे औषध नसते ही जमेची बाजू. मात्र धोका शून्य नाही, त्या चाचणीत या प्रक्रियेमुळे दोघांना अपंगत्व आणणारा पक्षाघात झाला. शिवाय त्यासाठी प्रशिक्षित तज्ज्ञ आणि कॅथलॅब, म्हणजे रक्तवाहिनीत नळी घालण्याची खास खोली, लागते आणि खर्चही बराच येतो. माझ्या वडिलांचे रक्त तिसऱ्यांदा साचल्यावर आम्ही हे पुण्यात करून घेतले आणि त्यानंतर दीड वर्ष सीटी स्वच्छ आहे.

अटोरवास्टॅटिनबद्दलही कोणी तुम्हाला सांगेल. चीनमधल्या १९६ रुग्णांच्या २०१८ च्या चाचणीत ज्यांना लगेच ऑपरेशनची गरज नव्हती अशांना ते दिल्यावर ११ जणांचे ऑपरेशन करावे लागले, न दिलेल्यांत २३ जणांचे. अण्णा ती गोळी हृदयासाठी घेतच आहेत, तेव्हा तिथे नवे काही करायचे उरत नाही.

येरळाकाठ

सर्वांना, तीन आठवड्यांनी लिहितो आहे त्याबद्दल क्षमा असावी.

पुडी घेऊन आम्ही त्याच रात्री मिरजेला गेलो. सकाळचे कॉर्टिसॉल खूपच कमी निघाले. सर्जन क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले की हे कळले नसते तर टेबलावर रक्तदाब का उतरतो ते शोधण्यात वेळ गेला असता. हायड्रोकॉर्टिसोनच्या आधाराने जुन्याच भोकांतून रक्त काढले, नवे भोक पाडावे लागले नाही हे ऐकून आईचा अर्धा धीर परत आला. नळी या वेळीही दोन दिवस ठेवली. कऱ्हाडच्या सरांनी मला खासगी निरोपात केंब्रिजच्या २००९ च्या चाचणीबद्दल कळवले होते, ज्यात नळी ठेवल्याने रक्त परत येण्याचे प्रमाण २४ टक्क्यांवरून ९.३ टक्क्यांवर आले होते. मी तो विषय काढला तेव्हा सर्जन म्हणाले की नळीशिवाय ते हे ऑपरेशन करतच नाहीत. डेक्सामेथासोन दिले नाही. धमनी बंद करण्याचा विचार तिसऱ्या वेळेसाठी राखून ठेवला आहे आणि ती वेळ येऊ नये अशी प्रार्थना करतो.

हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन यांचे माझ्यासमोर बोलणे झाले. इकोस्प्रिन सध्या थांबवली आहे आणि पुढच्या सीटीनंतर सुरू करण्याची तारीख ते ठरवतील. पुड्या बंद आहेत, त्यांच्या जागी हायड्रोकॉर्टिसोनची छोटी गोळी आहे जी काही महिन्यांत हळूहळू कमी होईल. गुडघे आता दुखतात आणि अण्णा त्याबद्दल माझ्यावर रुसलेले आहेत.

शब्द परत येत आहेत. काल त्यांनी नातवाला बागेतल्या सगळ्या वाणांची नावे क्रमाने सांगितली. मांडवाखाली कधी जाऊ, असे रोज विचारतात. सर्जनांनी तिसऱ्या महिन्याच्या सीटीपर्यंत थांबायला सांगितले आहे, म्हणून तोवर भाऊ आणि मी त्यांच्या नेहमीच्या वाटेवरच्या प्रत्येक अँगलला डोक्याच्या उंचीवर सायकलच्या जुन्या ट्यूबा गुंडाळून बांधत आहोत. अकरा ओळी झाल्या आहेत, चार राहिल्या आहेत.